दसऱ्याचं भाडं आणि माफीचं पेट्रोल

परवा पेपरात पेट्रोलवरचा कर काही दिवसांपुरता उठवावा का, यावर मोठमोठ्या लोकांची मतं छापून आली होती. नातू वाचून दाखवत होता आणि मी आरामखुर्चीत बसल्या बसल्या पायानं क्लच दाबत होतो. वकिलांचं मत होतं, व्यापाऱ्यांचं होतं, एका प्राध्यापकांचंही होतं. ड्रायव्हरचं तेवढं कुठं दिसेना. नातवाला म्हटलं, ठेव तो पेपर. हा प्रयोग जालन्याच्या रस्त्यावर एकदा होऊन गेलेला आहे आणि मी त्यात होतो. तो म्हणाला, मग लिहा ना. दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातलं काहीतरी द्या म्हणून भुणभुण लावलेलीच होती. तेव्हा हे घ्या.

तेव्हा जालना जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता आणि वर निजामाचं राज्य होतं. रेल्वे खात्याच्या मोटारी आमच्या रस्त्यावर यायच्या आधीची ही गोष्ट. जालना ते भोकरदन, मधे राजूर, या रस्त्यावर दोन सर्व्हिस मोटारी धावायच्या. एक करीमभाईंची, एक माझी. करीमभाई माझे उस्ताद. तीर्थपुरीकडच्या शेतातून पळून आलेल्या पोराच्या हाती चाक दिलं ते त्यांनीच. माझी मोटार म्हणजे मी चालवायचो ती. मालक एक देशमुख होते. त्यांना दर आठवड्याला ठरलेली रक्कम द्यायची, पेट्रोल आपल्या खिशातून घालायचं आणि उरेल ते आपलं. रक्कम चुकली की मोटार दुसऱ्याच्या हाती जाईल, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पान खाता खाता सांगून टाकलं होतं. त्यामुळं माझं सगळं जगणं पेट्रोलच्या भावावर टांगलेलं होतं.

ज्यांनी फक्त आजच्या गाड्या पाहिल्या आहेत त्यांना एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या मोटारीत पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असायची. पेट्रोल वर ओढणारा पंप वगैरे काही नाही. टाकीतून ते आपोआप उतारानं इंजिनाकडं वाहत जायचं. टाकी भरलेली असली तर काही प्रश्न नव्हता. पण टाकीत थोडंच पेट्रोल असलं आणि समोर चढण आली की मोटारीचं तोंड वर व्हायचं, इंजिन टाकीच्या वर जायचं आणि पेट्रोल पोचेनासं व्हायचं. मग काय करायचं? मोटार वळवायची आणि चढण उलटी चढायची. महागाईमुळं आमच्या टाक्या कधी भरलेल्या नसायच्याच, त्यामुळं राजूरच्या अलीकडची चढण आम्ही बहुतेक वेळा पाठीमागनंच चढलो आहोत. एकदा भोकरदनला निघालेला एक नवरदेव, मोटारीचं तोंड जालन्याकडं झालेलं बघून, आपलं लग्न मोडलं अशा समजुतीनं मुंडावळ्यांसकट खाली उडी मारून पळाला होता. त्याला धरून आणण्यात अर्धा तास गेला.

निजामाच्या राज्यात बाहेरून येणाऱ्या मालावर महसूल लागायचा. तो घेणारं खातं म्हणजे करोडगिरी. पेट्रोलचे डबे मनमाडहून रेल्वेनं जालन्याला यायचे, महसूल भरला की प्रत्येक डब्याच्या बुचावर लाखेची मोहोर बसायची आणि मग ते दुकानात जायचे. दुकान एकच, दामोदरशेठचं. भोकरदनच्या पलीकडं थोडं गेलं की वऱ्हाडची शीव लागायची. तिथं इंग्रजांचा अंमल, त्यामुळं पलीकडच्या धाड गावात तेच पेट्रोल स्वस्त. पण शिवेवर करोडगिरीचा नाका होता. डबे तिथून आणले की महसूल भरावा लागायचा आणि स्वस्ताई तिथंच संपायची.

आणि आमच्या रस्त्याची एक रीत होती, ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. दसऱ्याला दोन्ही मोटारी राजूरच्या मैदानात उभ्या करायच्या, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, लिंबू, सगळं व्हायचं. करीमभाई स्वतः नारळ फोडायचे. मग ते मोटारीच्या पायरीवर उभे राहून वर्षाचं भाडं मोठ्यानं सांगायचे. मला मान्य असेल तर मी भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की ते भाडं पुढच्या दसऱ्यापर्यंत पक्कं. मधे पेट्रोल चढो, टायर फुटो, राज्य बुडो, भाड्यात फरक नाही. लोक आमच्यावर विश्वास ठेवत ते या एका गोष्टीमुळं, आणि आम्हालाही तिचा अभिमान होता.

त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. चारा आणि धान्य लांबून आणायचं तर लॉऱ्या स्वस्त पडायला हव्यात, म्हणून सरकारनं पेट्रोलवरचा महसूल माफ केला. दसऱ्याच्या तोंडावर तहसील कचेरीपुढं दवंडी पिटली गेली: कार्तिकी पुनवेपर्यंत पेट्रोलवर करोडगिरी माफ. करीमभाई अड्ड्यावर धावतच आले. त्यांना धावताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"नाम्या, ऐकलंस का? बिलकुल माफ. आता टाकी गळ्यापर्यंत भरायची. राजूरची चढण सरळ तोंडानं चढायची."

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी मोटारीभोवती दोन चकरा मारल्या आणि उगीचच बॉनेट पुसलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली मोटार चालवायला कशी लागते हेच मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी जो भेटला त्याला मी बातमी सांगितली. राजूरजवळच्या वस्तीवरची ठकूमावशी मोटारीत बसली होती, तिलाही सांगितली. ठकूमावशी मेंढपाळाच्या घरातली, घोंगड्या विकायची. तिची एकुलती लेक सरजा जालन्याला दिलेली. भाडं परवडत नसे म्हणून मावशी महिन्यातून एकदाच लेकीकडं जायची, आणि परतताना तोंड बाहेर करून रडायची. आम्हाला कळू नये म्हणून वाऱ्याला शिव्या द्यायची.

"खरं सांगून राह्यलास का थट्टा करून राह्यलास?" तिनं विचारलं.

"दवंडी झाली मावशी."

"मंग भाडं उतरंल?"

"उतरेल की."

"तर मंग मी दर बाजाराला जाईन," ती म्हणाली, आणि त्या दिवशी परतताना ती रडली नाही.

दसऱ्याला राजूरच्या मैदानात एवढी माणसं जमली होती की मोटारी दिसेनात. हलगी वाजत होती. करीमभाई नवा फेटा बांधून पायरीवर चढले, सगळीकडं बघितलं आणि म्हणाले, "भाडं चौथाईनं कमी. पुढच्या दसऱ्यापर्यंत." मग मी भोंग्याचा रबरी गोळा दोन्ही हातांनी लोक थांब म्हणेपर्यंत दाबत राहिलो. बायकांनी मोटारीला पुन्हा कुंकू लावलं. एका म्हाताऱ्यानं करीमभाईंना उचलून खांद्यावर घेतलं आणि दोघंही पडले.

माफी पुनवेपर्यंत आणि भाडं वर्षभर, हे गणित मला दिसलं नव्हतं असं नाही. मी करीमभाईंच्या कानात विचारलंही. ते म्हणाले, "अरे, लोकांची सोय झालेली बघून सरकार माफी वाढवत जाईल. आणि भाव एकदा खाली आला की खालीच राहतो." उस्तादांचं बोलणं मला तेव्हा कुराण-पुराणासारखं होतं. शिवाय एवढ्या आनंदात गणित कोण करत बसतो?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दामोदरशेठच्या दुकानात गेलो. शेठ फार गोड माणूस. चहा दिल्याशिवाय बोलायचा नाही. चहा झाला, पानसुपारी झाली, आणि त्यानं भाव सांगितला. जुनाच.

करीमभाई म्हणाले, "शेठ, माफी झाली ना?"

"झाली ना. फार चांगलं केलं सरकारनं." शेठनं एक डबा उचलून आमच्यापुढं ठेवला. "पण हा बघा. मोहोर बघा बुचावरची. याचा महसूल मी भरलाय. भरलेला महसूल सरकार मला परत देणार आहे का? नवा माल येऊ द्या, माफीचा. मग बघा भाव."

बोलणं बरोबर होतं. त्याच्यावर रागावता येईना, हाच त्यातला त्रास. आम्ही मोहोरेचे डबे जुन्या भावानं घेतले आणि मोटारी उतरलेल्या भाड्यानं चालवल्या. पुढच्या आठवड्यात गेलो, पुन्हा मोहोर. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेलो, पुन्हा मोहोर. शेठकडची द्रौपदीची थाळी काही रिकामी होईना. नवी वॅगन मनमाडला अडकली आहे असं तो सांगायचा आणि चेहरा आमच्याहून दुःखी करायचा.

मोटारी मात्र तुडुंब भरून चालल्या होत्या. जन्मात मोटारीत न बसलेली माणसं बसायला लागली. कोंबड्या, तांदळाची पोती, बारशाला निघालेल्या बायका, टपावर पोरं. ठकूमावशी दर बाजाराला यायची आणि लेकीसाठी काहीतरी फडक्यात बांधून आणायची. रस्त्यानं जाताना लोक हात करायचे. मी कधी इतका खूश नव्हतो आणि कधी इतका भुकेलाही नव्हतो, कारण देशमुखांची रक्कम दिल्यावर हातात काही राहत नसे. संध्याकाळी अड्ड्यावर मी आणि करीमभाई एका भाकरीचे दोन तुकडे करायचो आणि पुढच्या आठवड्यात येणाऱ्या स्वस्त पेट्रोलच्या गप्पा मारायचो.

पुनवेच्या आदल्या दिवशी स्टेशनवरचा एक हमाल चहाच्या गाडीवर सहज बोलून गेला की शेठच्या डब्यांची वॅगन केव्हाच रिकामी झाली. माल दुकानात आला नव्हता, शेठच्या सरकीच्या कोठारात गेला होता. करीमभाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे पुनव उलटली की बाहेर निघणार," ते म्हणाले. "पुऱ्या भावानं." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि वॅगनची वाट बघण्याच्या नादात महिनाभर न सुचलेलं एकच गाव आम्हा दोघांच्या डोक्यात आलं. धाड.

उद्याचा दिवस उरला होता. सूर्य मावळायच्या आत शिवेवरून जे डबे आत येतील तेवढ्यांना माफी. तेवढे डबे आणले तर निदान काही महिने मोटार चालणार होती. नाही आणले तर शब्द पाळता पाळता मी दिवाळं काढणार होतो आणि देशमुख चाक काढून घेणार होते. पुनवेच्या सकाळी आम्ही मागची बाकं उचकटून खाली ठेवली. बसायला आलेल्या लोकांना सांगितलं, आज सर्व्हिस नाही, पेट्रोल आणायला चाललो. कोणी कुरकुर केली नाही. उलट एकानं दोन नारळ दिले. जवळ होतं नव्हतं ते, करीमभाईंच्या बेगमचे चांदीचे तोडेसुद्धा, कमरेला बांधून आम्ही निघालो. भोकरदन ओलांडलं तेव्हा करीमभाई पुढच्या मोटारीतून गाणं म्हणत होते आणि त्यांचा आवाज इंजिनापेक्षा मोठा येत होता.

धाडला पोचलो आणि कपाळाला हात लावला. सगळी मोगलाई, म्हणजे आमच्या निजामाची रयत, तिथं लोटली होती. लॉऱ्या, मोटारी, बैलगाड्या, एक लग्नाची डमणीसुद्धा डबे न्यायला आली होती. आधी पैसे बदलायचे. आमच्याकडं निजामाचा हाली रुपया, तिकडं चालायचा इंग्रजी कलदार. एरवी बदलताना थोडा बट्टा कापायचे. त्या दिवशी सराफानं बट्टा दणकून वाढवला होता. आम्ही बोललो तर म्हणाला, "कलदार पाहिजे म्हणून तुम्हीच आले ना?" मग पेट्रोलच्या दुकानापुढं रांगेत उभे राहिलो. तिथला भाव आम्ही रांगेत उभे असतानाच दोनदा चढला. दुकानदाराचा त्यात काही दोष नव्हता. एवढी गिऱ्हाइकं एका दिवसात आल्यावर कुठला दुकानदार भाव जागेवर ठेवतो?

आमच्या सरकारनं सोडलेला महसूल त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत वाटला जात होता. थोडा शेठच्या कोठारात गेला होता, थोडा सराफानं घेतला, थोडा धाडच्या दुकानदारानं घेतला. आमच्या वाट्याला जे राहिलं ते थोडंच होतं. पण थोडं का होईना, होतं. आम्ही मिळतील तेवढे डबे घेतले, दोरांनी आवळले आणि शिवेकडं सुटलो. ऊन कलायला लागलं होतं.

नाक्यावर वाहनांची रांग लागलेली. पुढं काय झालंय बघायला मी उतरून पळत गेलो. सगळ्यांत पुढं मेंढरं होती. शेकड्यांनी. वऱ्हाडात चरून परत आलेला कळप आत येताना चराईच्या करासाठी मोजला जायचा. दोन बांबूंमधून एकेक मेंढरू सोडायचं, वीस झाली की नाकेदारानं एक खडा बाजूला टाकायचा. मोजणी मधेच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि कळप पहिला आलेला, म्हणून पाळी त्याची.

नाकेदार उर्दू वळणाचं बोलणारा, कडक पण सरळ माणूस होता. मी हात जोडले. तो खड्यांवरची नजर न काढता म्हणाला, "पाळी म्हणजे पाळी. मेंढरं आधी आली, मेंढरं आधी जातील. सूरज डुबला की माफी खतम, मी काय करू?"

मी पश्चिमेकडं बघितलं आणि पाचावर धारण बसली. सूर्य बाभळीच्या शेंड्याला आला होता आणि मेंढरं निम्मीसुद्धा झाली नव्हती. एवढ्यात कळपाच्या पलीकडून आवाज आला.

"नामदेवा, तू हितं काय करून राह्यलास?"

ठकूमावशी. कळप तिच्याच घरचा होता. तिचा दीर आणि पुतणे वऱ्हाडातून परत येत होते आणि ती त्यांना आणायला शिवेपर्यंत आली होती. मी एका दमात सगळं सांगितलं.

तिनं थोडा विचार केला. "म्हंजे डबे आज आत गेले न्हाई, तर भाडं चढंल?"

"भाडं चढणार न्हाई मावशी. दसऱ्याला भोंगा वाजवलाय. पण मोटार राहणार न्हाई."

ठकूमावशी वळली, सरळ त्या दोन बांबूंपाशी गेली आणि हातातली काठी आडवी धरून उभी राहिली. मधे आलेलं मेंढरू तिच्या पायावर आपटून मागं फिरलं.

"थांबवा मोजणी," ती म्हणाली. "आधी या मोटारी सोडा."

दीर ओरडला, "अगं ए, पुन्ना पहिल्यापासून मोजावं लागंल. रात हितंच काढावी लागंल."

"काढू. मेंढरांना काय, सारीकडं आभाळच."

"चराई?"

"तेवढीच भरायची की. दोनदा मोजल्यानं मेंढरं वाढत न्हाईत."

नाकेदारानं पहिल्यांदाच मान वर केली. हातातले खडे बघितले, मावशीकडं बघितलं, आणि एवढा वेळ जपून मांडलेले सगळे खडे हातानं विस्कटून टाकले. "बुढिया, तेरी मर्जी," तो म्हणाला. "मोटारवाले, जल्दी."

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगावा. लॉऱ्यांचे भोंगे, मेंढरांचं ओरडणं, धूळ. पुतण्यांनी कळप बाजूच्या शेतात दाबला आणि रांग हलली. एकेक वाहन आत जाऊ लागलं. करीमभाई गेले. माझ्या पुढची लॉरी गेली. माझी पाळी आली आणि माझं इंजिन बंद पडलं.

मी उतरलो, हँडल मारलं. सुरू झालं, दोन हात पुढं गेलं, पुन्हा बंद. पुन्हा हँडल. हँडल उलटून मनगटावर बसलं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. मग लक्षात आलं. नाका चढावर होता. पेट्रोलचे डबे मोटारीत छतापर्यंत रचलेले, आणि टाकीत मात्र तळाला चूळभर. कारण विकत घेतलेला एकही थेंब मी जपायच्या नादात टाकीत ओतला नव्हता. डबा फोडून ओतायला वेळ नव्हता. नाकेदार मावळतीकडं बघत होता. तांबडा गोळा जमिनीला टेकला होता.

मी तीन माणसांना हाका मारल्या, मोटार ढकलून जागच्या जागी फिरवली, हँडल मारलं, आत उडी टाकली आणि उलटा सुटलो. निजामाच्या राज्यात करोडगिरीच्या नाक्यातून पाठीमागनं शिरलेली ती पहिलीच मोटार असावी. आधी डबे आत गेले, मग मी. नाकेदार हसून हसून खाली बसला. पलीकडं करीमभाई रस्त्यात उभे राहून फेटा हलवत होते आणि मोठमोठ्यानं ओरडत होते, काय ते त्यांनाही नंतर आठवलं नाही. मी मोटार थांबवली, उतरलो आणि त्यांच्या गळ्यात पडलो. मागं सूर्य गेला होता. मावशीचा कळप शेतात बसत होता आणि ती काठीनं मेंढरं गोळा करत आमच्याकडं बघतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी उत्सुकता म्हणून शेठच्या दुकानात गेलो. नवा माल मांडला होता. भाव पुरा, जुना. करीमभाईंनी एक डबा उचलला, बूच निरखलं आणि खाली ठेवला.

"शेठ, मोहोर दिसत नाही."

"मोहोर कशाला बघता?" शेठ म्हणाला. "पेट्रोल बघा." आणि चहा मागवला. आम्ही चहा प्यालो. चहा काय वाईट नव्हता.

धाडचे डबे होळीपर्यंत पुरले. त्यानंतर खरी परीक्षा. भाडं चौथाई कमी, पेट्रोल पुऱ्या भावाचं. आम्ही पेट्रोलवर मोटार सुरू करायचो आणि इंजिन तापलं की घासलेटवर चालवायचो, मोटारीमागं काळा धूर निघायचा. उतारावर इंजिन बंद करायचो. राजूरची चढण आली की लोक न सांगता उतरायचे, म्हणजे वजन कमी, पेट्रोल कमी. काही जण ढकलायचे. पहिल्यांदा मला शरम वाटली. नंतर बघितलं तर त्यांना त्यात मजाच यायची; एक जण आरोळी द्यायचा, बाकीचे रेटा लावायचे. ठकूमावशीसुद्धा ढकलायची आणि मागं राहिलेल्या तरण्या पोरांची खरडपट्टी काढायची. देशमुखांची रक्कम मी एकदाही चुकवली नाही. ती कशी दिली ते सांगत बसत नाही. दुपारी जेवायचं नाही असं ठरवलं की पुष्कळ गोष्टी जमतात.

शब्द मोडावासा वाटला का? रोज वाटला. करीमभाईंनाही वाटला असणार. पण अड्ड्यावर आम्ही दोघांनी तो विषय एकदाही काढला नाही. पुढं सरकारी मोटारी आल्या, करीमभाईंनी त्यांची मोटार विकली आणि हैदराबादला लेकाकडं गेले. तेव्हा निरोप घेताना ते एवढंच म्हणाले, "नाम्या, त्या साली आपण मोठे लोक होतो."

तर आता त्या पेपरातल्या प्रश्नाचं उत्तर. सरकारचा हेतू चांगला होता, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण जी माफी उद्या संपणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिच्या वाटेत फार हात असतात, आणि ड्रायव्हर त्या वाटेच्या टोकाला उभा असतो. आमच्या रस्त्यावर त्या साली प्रवास स्वस्त झाला तो पेट्रोलमुळं झाला नाही. पेट्रोल उतरणार असं आम्ही मानलं आणि बोलून बसलो, म्हणून झाला. लोकांना जो फायदा मिळाला तो सरकारच्या तिजोरीतून आलाच नव्हता, आमच्या ताटातून आला होता. त्याचं मला दुःख नाही. सरजाच्या दारात तिची आई वर्षभर दर बाजाराला उभी राहिली, हे मी स्वतः बघितलंय.

पुढचा दसरा उजाडला. राजूरच्या मैदानात मोटारी उभ्या राहिल्या, माळा चढल्या. करीमभाईंचा घसा बसला होता, की त्यांनी तसं सोंग केलं होतं, देव जाणे. ते म्हणाले, या वर्षी तू सांग. मी पायरीवर चढलो. समोर तीच माणसं, होळीपासून माझी मोटार ढकलणारी. मी जुनं भाडं सांगितलं, माफीच्या आधीचं. आवाज माझा मलाच ऐकू येईना.

ठकूमावशी पुढच्या रांगेत होती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "म्हंजे आता महिन्यातून एकदाच," ती स्वतःशीच म्हणाली. मला तिच्याकडं बघवेना.

मग तिनं विचारलं, "औंदा सरकारची माफी न्हाई का?"

"न्हाई मावशी."

ती पायरीपर्यंत आली, माझं मनगट हातात धरून वर-खाली करून बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं झालं. मागल्या साली माफी मिळाली आन् तू निम्मा झालास. औंदा जरा जेव."